डोंगरावर न्यायची मोर्स की : कोणती घ्यावी, कशी पारखावी

हॅम रेडिओच्या नादी लागलेली मुले-मुली भेटली म्हणजे आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात : "मोर्ससाठी काय घेऊ, स्ट्रेट की घेऊ का पॅडल?" त्यांच्या घरातली मोठी माणसे मात्र वेगळेच विचारतात : "प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना ही टिकटिक शिकायची कशाला? आणि त्यात पैसे घालून उद्या भलतेच संकट तर ओढवणार नाही ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पाकिटातून पैसे काढणारे अब्बा आणि अम्मी असतात, तेव्हा आधी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देऊ आणि मग कीकडे वळू.

तार गेली, मोर्स राहिला

'तार' हा शब्द ऐकला की आपल्या दादी-नानीच्या पिढीच्या पोटात आजही गोळा येतो. रात्री-अपरात्री दारात तारवाला उभा राहिला म्हणजे बातमी बहुधा वाईटच असायची. देशातली ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्या सुरुवातीच्या शंभराहून अधिक वर्षांत शब्द एका गावाहून दुसऱ्या गावाला जात ते मोर्सच्या कडकट्टवर. पोस्टात, रेल्वे स्टेशनात, जहाजावर, सगळीकडे तीच भाषा होती. मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजे १९९५ पर्यंत चालू होती. मोर्सच्या जमान्यात असल्या मोठ्या जहाजांवर रेडिओ ऑफिसर असे आणि किनाऱ्याशी त्याचे बोलणे मोर्समध्येच चाले. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतले पुरुष जहाजांवर नोकरीला असत. त्या घरांना हे नवे नाही.

जहाजांनी १९९९ मध्ये मोर्स सोडला. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतूनही हॅमसाठी मोर्सची सक्ती गेली आणि तो ठेवायचा की नाही हे ज्या त्या देशावर सोपवले गेले. तरीही जगभरचे हौशी रेडिओवाले मोर्स सोडायला तयार नाहीत. याचे कारण व्यवहाराचे आहे. आवाज पाठवायला रेडिओलहरींचा जेवढा रुंद पट्टा लागतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी पट्ट्यात मोर्स बसतो. सगळी ताकद त्या बारीक पट्ट्यात एकवटते. त्यामुळे पाच वॅटच्या संचावरून बोललेला शब्द जिथे खरखरीत बुडून जातो, तिथे त्याच पाच वॅटची टिकटिक कानाला स्पष्ट लागते. पाच वॅट म्हणजे घरातल्या लहान एलईडी दिव्याएवढी वीज. संच साधा, बॅटरी लहान, अँटेना म्हणून झाडावर टाकलेली तार. पाठीवरच्या पिशवीत सगळे मावते.

आपल्या भागात याची गरज काय, हेही सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे जमीनदोस्त केली. जवळपास दहा हजार माणसे गेली. देशात मोबाइल यायला अजून दोन वर्षे होती. त्या वेळी हॅम मंडळी आपापले संच घेऊन मदतीला गेली होती. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या भारतीय हॅम महिला आपल्या साथीदारांसह अंदमानात होत्या. पोर्ट ब्लेअरहून त्यांनीच रेडिओवर निरोप पोहोचवले. आणि आपला हिंगोली जिल्हा? २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहा वाजून गेल्यावर काही मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का बसला आणि तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. भांडी वाजली, माणसे अंगणात आली, आणि प्रत्येकाने आधी फोन काढला. टॉवर उभे होते म्हणून फोन लागले. ज्या दिवशी टॉवर उभे नसतील, त्या दिवसासाठी गावात एखादी तरी व्यक्ती तयार असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आधी परवाना, मग डोंगर

मोठ्यांच्या मनातली भीती आम्ही ओळखून आहोत. गच्चीवर अँटेना, हातात टिकटिकणारे यंत्र, परदेशाशी संपर्क, आणि वर आपले नाव. लोक काय म्हणतील, पोलिस काय म्हणतील? या भीतीला लपवाछपवीने उत्तर देता येत नाही. उत्तर कागदाने आणि उघडपणाने द्यावे लागते.

हॅम रेडिओला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. वय बारा वर्षे पूर्ण असले म्हणजे परीक्षा देता येते. अर्ज 'सरल संचार' या सरकारी पोर्टलवर होतो. परीक्षा रेस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन पायऱ्यांची असते. जनरल ग्रेडसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घ्यावा आणि पाठवावा लागतो. ज्याला मोर्सवर काम करायचे आहे त्याने जनरल ग्रेडच डोळ्यांसमोर ठेवावी. अर्जदाराची सुरक्षा पडताळणी होते, तिला वेळ लागतो, त्याने खट्टू होऊ नये. ती पडताळणी पुढे आपल्याच कामी येते. परवान्यासोबत 'व्हीयू'ने सुरू होणारे बोधचिन्ह मिळते. ते बोधचिन्ह म्हणजे हवेतले आपले नाव. संभाषणात ते सांगावेच लागते.

आणखी एक गोष्ट घरच्यांना जरूर सांगा. मोर्स ही गुप्त भाषा नाही. तिची बाराखडी जगजाहीर आहे आणि ती कोणालाही शिकता येते. हॅम रेडिओवर सांकेतिक, दडवलेला मजकूर पाठवायला नियमाने बंदी आहे. तिथे धंद्याचे बोलणेही चालत नाही. आपण काय बोलतो हे सगळ्यांना ऐकू यावे, असाच हा छंद आहे.

म्हणून बाहेर संच लावताना मूळ परवाना किंवा त्याची प्रत आणि ओळखपत्र पिशवीत ठेवा. आपल्या परवान्यात कोणत्या जागेची, कोणत्या बँडची, फिरत्या वापराची काय अट लिहिली आहे ते आधी वाचा. शेतात बसायचे तर मालकाला विचारा. गावाजवळ बसायचे तर पोलिस पाटलाच्या कानावर घाला. सिद्धेश्वर धरणाची भिंत, रेल्वेची हद्द, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला होत असलेल्या लायगो वेधशाळेची जागा, असल्या ठिकाणी परवानगीवाचून तार टाकू नका. आपल्या जिल्ह्यात माळरान आणि टेकड्या भरपूर आहेत.

परवाना हातात यायच्या आधी काय करायचे? सराव करायचा. मोर्स की हे नुसते बटण आहे. तिला छोटा बझर जोडून घरात टिकटिक करायला परवान्याची गरज पडत नाही, कारण त्यात रेडिओलहरी बाहेर जातच नाहीत. म्हणून खरेदीची सुरुवात संचापासून करण्याऐवजी कीपासून केली तरी चालते.

स्ट्रेट की : जुनी आणि भरवशाची

मोर्समध्ये दोनच आवाज असतात. आखूड तो 'डिट' आणि लांब तो 'डा'. डा हा तीन डिटएवढा लांब असतो. एका अक्षरातल्या दोन आवाजांमध्ये एका डिटची जागा सोडतात, दोन अक्षरांमध्ये तीन डिटची, दोन शब्दांमध्ये सात डिटची. मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने एक डिट सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढा भरतो, आणि वीस शब्दांच्या वेगाने सतराव्या हिश्श्याएवढा.

स्ट्रेट की म्हणजे तारघरातली ती जुनी कळ. एक आडवी पट्टी, पुढे गोल मूठ, खाली संपर्काचे दोन ठिपके, मागे स्प्रिंग. दाबले की विजेचा रस्ता जुळतो, सोडले की तुटतो. डिट किती आखूड आणि डा किती लांब हे सगळे आपल्या मनगटावर असते. यातच तिचा गुण आहे आणि दोषही. गुण असा, की शिकणाऱ्याच्या हातात माप बसते. संच कोणताही असो, ती चालते. बिघडण्यासारखे तिच्यात फारसे काही नसते. दोष असा, की वेग वाढला म्हणजे मनगट दुखते. जुन्या तारमास्तरांना हाताचे दुखणे जडत असे, ते याच कामाने.

घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, पट्टी डावी-उजवीकडे डुगडुगते का? डुगडुगली तर संपर्क दर वेळी वेगळ्या जागी होतो आणि डिट फाटतो. दुसरी, संपर्कातले अंतर आणि स्प्रिंगचा ताण स्क्रूने कमी-जास्त करता येतो का? दोन्हींना वेगवेगळा स्क्रू आणि तो सैल होऊ नये म्हणून वर आवळायची चकती हवी. तिसरी, बूड. टेबलावरची की जड बुडाची असते म्हणून ती सरकत नाही. डोंगरावर ते जड बूड पाठीवर वाहावे लागते.

अमेरिकन सैन्याची जे-३८, ब्रिटिश लष्कराची आठ अँपिअरची की, जर्मन जुंकर ही दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे गाजलेली नावे. त्या अजूनही जुन्या बाजारात फिरतात आणि चालतात. जुनी की मिळाली तर गंज आणि संपर्काचे ठिपके पाहून घ्या. ठिपके खड्ड्यांनी भरलेले असतील तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या.

पॅडल : हाताचे काम यंत्राला

१९०४ मध्ये अमेरिकेतल्या होरेस मार्टिन यांनी तारमास्तरांचे मनगट वाचवणाऱ्या कीचे पेटंट घेतले. व्हायब्रोप्लेक्स या नावाने ती गाजली. हॅम मंडळी असल्या कीला 'बग' म्हणतात. एका बाजूला दाबले की थरथरणाऱ्या पट्टीतून डिट आपोआप ओळीने निघतात, दुसऱ्या बाजूला डा मात्र हाताने काढायचा. बग सुंदर असतो, पण जड आणि नाजूक. ओबडधोबड दगडावर त्याची पट्टी नीट चालत नाही. पिशवीत घालण्याची ही चीज नाही.

पॅडल ही त्याच्या पुढची पायरी. यात वर-खाली दाबायचे नसते. दोन पात्या उभ्या असतात. उजव्या हाताने पाठवणारे बहुतेकजण अंगठ्याने डिटची पाती दाबतात आणि तर्जनीने डाची. डावखुऱ्यांसाठी हे उलट करता येते. पाती दाबून धरली की डिट किंवा डा मोजून-मापून ओळीने निघतात. हे मोजमाप पॅडल करत नाही, 'कीयर' नावाचे छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल करते. आजच्या बहुतेक लहान संचांत कीयर आतच असतो. नसेल तर वेगळा घ्यावा लागतो. म्हणून पॅडल घेण्याआधी आपल्या संचात कीयर आहे का, हे पाहिलेच पाहिजे. कीयर नसलेल्या संचाला पॅडल जोडून उपयोग नाही.

एक उदाहरण घेऊ. 'कोणी आहे का?' असे हवेत विचारायचे तर 'सी क्यू' पाठवतात. सी म्हणजे डा-डिट-डा-डिट, क्यू म्हणजे डा-डा-डिट-डा. स्ट्रेट कीवर मनगट आठ वेळा खाली जाते. दोन पात्यांच्या पॅडलवर दोन्ही पात्या एकत्र चिमटीत धरल्या की डा आणि डिट आळीपाळीने निघतात. सी साठी आधी डाची पाती लागेल अशी एक चिमट पुरते. क्यू साठी डाची पाती धरून ठेवायची आणि मध्येच डिटला टिचकी द्यायची. तासभर काम केल्यावर हा फरक हाताला कळतो. थंडीत बोटे गारठली असतील तर अधिकच.

पॅडल एका पातीचेही असते आणि दोन पात्यांचेही. एका पातीत चिमटीची सोय नसते, पण चुकून दोन्ही बाजू एकदम लागण्याचा धोकाही नसतो. ज्यांच्या डिट-डाची गल्लत होते त्यांना ते बरे पडते. दोन पात्यांचे पॅडल घेतले तर संचात 'ए' आणि 'बी' अशा दोन रीती दिसतात. चिमट सोडल्यावर 'ए' तिथेच थांबते, 'बी' उलट प्रकारचा आणखी एक आवाज काढून थांबते. ज्या रीतीत शिकाल तिच्यातच राहा. रीत बदलली की चांगल्या हाताच्याही चुका होतात.

डोंगरावरची कसोटी

घरातल्या टेबलावर उत्तम ठरलेले पॅडल डोंगरावर नापास होऊ शकते. बेंचर कंपनीचे प्रसिद्ध पॅडल घ्या. किलोभरापेक्षा जड बुडामुळे ते टेबलावर तसूभरही हलत नाही. पण तेवढ्याच वजनात दोन लिटरमधले एक लिटर पाणी बसते, आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्या माळावर पाण्याची गरज जास्त.

पॅडल कुठे बसवणार, हा पहिला प्रश्न. डोंगरावर टेबल नसते. तीन पर्याय आहेत. एक, परीक्षेला मुले नेतात तसल्या क्लिपच्या पॅडवर पॅडल स्क्रूने बसवायचे आणि पॅड मांडीवर ठेवायचा. लिहायलाही तोच कामी येतो. आम्हाला हा पर्याय सगळ्यांत सोयीचा वाटतो. दोन, संचाच्या पत्र्याला चुंबकाने चिकटणारे पॅडल. हे सुटसुटीत, पण संच हलका असेल तर दाबताना संचच सरकतो, आणि ॲल्युमिनियमच्या पेटीला चुंबक धरत नाही. तीन, डाव्या मुठीत पॅडल धरून उजव्या हाताने पाठवायचे. उभ्याने काम करायला हे बरे, मात्र मग लिहायला हात उरत नाही. स्ट्रेट कीसाठी मांडीला बांधायचा पट्टा लागतो, कारण तिच्यावर वरून जोर पडतो. पॅडलवरचा जोर बाजूने आणि अगदी हलका असतो. म्हणूनच बाहेर पॅडल अधिक सुखाचे.

दुसरा प्रश्न परतीच्या ताणाचा. पाती जागेवर परत येते ती स्प्रिंगने किंवा चुंबकाने. चुंबकाचा स्पर्श मऊ असतो, पण लोखंडाचा कण त्याला चिकटला तर संपर्कातच अडकतो. स्प्रिंग पिशवीत उडून हरवू शकते. एक जादा स्प्रिंग चिकटपट्टीने पॅडच्या मागे चिकटवून ठेवा.

तिसरा प्रश्न धुळीचा, आणि हिंगोलीत तो मोठा आहे. काळ्या मातीची धूळ, कापसाचे तंतू, आणि वसमतकडे हळदीच्या हंगामात हवेत उडणारी पिवळी पूड. संपर्काच्या ठिपक्यांमधले अंतर साध्या कागदाच्या जाडीएवढे ठेवतात. त्यात एक तंतू बसला तरी डिट गळतो. यासाठी झाकण असलेले पॅडल घ्यावे किंवा प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा ठेवावा. साफ करायला सँडपेपर कधीच वापरू नका. स्वच्छ कोऱ्या कागदाची पट्टी ठिपक्यांमध्ये घालून पाती हलके दाबा आणि पट्टी ओढून काढा. दोन-तीनदा केले की पुरे.

काही पॅडलांना हलणारा भागच नसतो. बोट लागल्याचे ते स्पर्शाने ओळखतात, जसा मोबाइलचा पडदा ओळखतो. धूळ त्यांचे काही बिघडवत नाही. पण घामट किंवा ओले बोट, पावसाचा थेंब यांनी ती फसतात. त्यांना वीजही लागते.

चौथा प्रश्न तारेचा. खरी अडचण बहुधा इथेच येते. पॅडलची पिन साधारणपणे मोबाइलच्या इअरफोनसारखी ३.५ मिलिमीटरची, तीन भागांची असते. टोक डिटचे, मधले कडे डाचे, बूड दोघांचे सामाईक. स्ट्रेट कीला मात्र दोनच तारा लागतात, म्हणून तिला पुष्कळदा दोन भागांची पिन असते. ती पिन पॅडलच्या जागी खुपसली तर मधले कडे बुडाशी जोडले जाते आणि संच न थांबता डा-डा-डा करत राहतो. यावर उपाय सोपा आहे. स्ट्रेट कीलाही तीन भागांची पिन लावा, मधले कडे मोकळे सोडा आणि संचाच्या मेनूत 'स्ट्रेट' निवडा. तार हातभरच आणि जाळीचे आवरण असलेली ठेवा. लांब तार अँटेनाजवळ असली तर रेडिओलहरी तिच्यात शिरतात आणि कीयर वेड्यासारखा वागतो.

घरी बनवलेले पॅडल

परदेशी पॅडल मागवायचे तर मूळ किमतीवर टपालखर्च आणि जकात चढते. इटलीच्या बेगालीसारखी पॅडल दागिन्यासारखी देखणी असतात, आणि त्यांची किंमतही दागिन्यांच्याच रांगेतली. शिकणाऱ्याला त्यांची गरज नाही. एवढ्या पैशांत घरात दुसरे काही होऊ शकते.

लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचे पॅडल जगभरचे हौशी लोक बनवतात. करवतीच्या पात्याचे बोटभर लांबीचे दोन तुकडे घ्या. कडा आणि दात घासून बोथट करा. रंग खरवडून काढा, नाहीतर वीज जाणार नाही. दोन्ही तुकडे लाकडाच्या ठोकळ्याच्या दोन बाजूंना एका टोकाशी स्क्रूने आवळा. दुसऱ्या टोकांच्या मधोमध पितळेचा एक खांब उभा करा आणि त्यात दोन्ही बाजूंना पितळेचे स्क्रू घाला. पाती आत दाबली की स्क्रूला टेकते. खांब सामाईक, एक पाती डिट, दुसरी डा. पात्याची लवचीकता हीच स्प्रिंग. पुढे बोटांसाठी जुन्या प्लास्टिक कार्डाचे तुकडे चिकटवा. मोटार-रिवाइंडिंगच्या किंवा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात यातले बहुतेक सामान मिळते. पाते कापताना आणि घासताना मोठे माणूस जवळ असावे, डोळ्यांवर चष्मा असावा.

हे पॅडल दिसायला ओबडधोबड असते, पण मिनिटाला पंधरा-अठरा शब्द सहज काढते. शिवाय ते बनवताना मुलाला किंवा मुलीला जे कळते, ते दुकानातल्या खोक्यातून मिळत नाही.

संचाचेही तसेच. आपल्या शेजारच्या हैदराबादचे अशहर फरहान यांनी कमी खर्चात घरी जुळवता येणाऱ्या 'बिटेक्स' संचाचा आराखडा जगाला खुला केला. पुढे त्यांनीच काढलेला 'मायक्रोबिटेक्स' हा संच सुमारे दहा वॅटचा आहे. त्याला स्ट्रेट की आणि पॅडल दोन्ही चालतात. त्यांच्या संचांची मंडले जुळवण्याचे काम हैदराबादच्या महिलांनी केले. एका हौशी माणसाचे काम जगभरच्या हॅम मंडळींच्या टेबलावर पोहोचले. मुलांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

कोणी काय घ्यावे

आता मूळ प्रश्नाकडे. आमचा सल्ला असा.

परीक्षेची तयारी करणाऱ्याने आधी साधी स्ट्रेट की आणि बझर घ्यावा. आठ शब्दांचा वेग तिच्यावर आरामात येतो आणि आवाजाचे माप हातात पक्के बसते. परीक्षा केंद्रावर कोणती की मिळेल, स्वतःची नेता येईल का, हे आधीच विचारून ठेवावे. नेता येत असेल तर सरावाचीच न्यावी.

परवाना मिळालेल्याने, संचात कीयर असेल तर, दोन पात्यांचे हलके, झाकणाचे, पॅडवर बसणारे पॅडल घ्यावे. पहिले पॅडल घरी बनवलेले असले तरी चालेल. वर्षभराने हात बसला म्हणजे काय हवे ते आपोआप कळते.

गावासाठी, संकटासाठी संच बाळगणाऱ्याने पिशवीत पॅडल असले तरी एक लहान स्ट्रेट की जरूर ठेवावी. कीयर बिघडला, पात्यांत धूळ गेली, तर स्ट्रेट कीवर काम चालू राहते. तीही हरवली तर दोन तारांची टोके एकमेकांना टेकवूनही निरोप जातो. मोर्सचे हे बळ दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत नाही.

घरात कोणी अपंग किंवा अंथरुणाला खिळलेले असेल, त्यांच्यासाठीही हा विचार करा. एक बोट हलत असेल तरी मोर्स पाठवता येतो. मोबाइलच्या गुगल कीबोर्डमध्येही २०१८ पासून मोर्सने लिहिण्याची सोय आहे. हात कमजोर असेल तर सर्वांत हलक्या स्पर्शाचे पॅडल निवडावे.

सराव आणि सावधपण

की कितीही चांगली असली तरी मोर्स शिकायचा तो कानाने. तक्ता पाठ करून डोळ्यांपुढे ठिपके-रेघा आणल्या तर वेग तिथेच अडतो. अक्षराचा आवाज एकसंध ऐकावा. सी म्हणजे 'डाडिडाडिट' अशी चाल. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात, पण रोज हवीत. दोन भावंडांनी समोरासमोर बसून शिकले तर उत्तम : एकाने पाठवावे, दुसऱ्याने लिहावे, मग अदलाबदल. पहिल्या संपर्कात समोरचा फार वेगाने पाठवू लागला तर 'क्यूआरएस' पाठवा. याचा अर्थ 'जरा हळू'. जगातला कोणताही भला हॅम ते ऐकून वेग कमी करतो.

दूरच्या संपर्कासाठी सात मेगाहर्ट्झचा बँड पहाटे आणि सूर्यास्ताच्या आसपास चांगला लागतो. फजरनंतरचा तास आणि मगरिबच्या आगेमागेची वेळ यासाठी उत्तम. उन्हाचा त्रासही टळतो.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मृगापासून परतीच्या पावसापर्यंत आपल्याकडे वीज पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. टेकडीवर उंच टाकलेली तार आणि तिच्या टोकाला धरलेली की म्हणजे विजेला दिलेले निमंत्रण. पुण्याच्या हवामान संस्थेने बनवलेले 'दामिनी' ॲप पाहूनच निघा. लांबून गडगडाट ऐकू आला तरी संभाषण अर्ध्यावर सोडा, अँटेना संचापासून तोडा आणि खाली या. समोरचा माणूस वाईट मानणार नाही. एकट्याने जाऊ नका, कुठे जातो ते घरी सांगून जा.

उद्या कधी धक्का मोठा आला आणि फोन मुके झाले, तर गावातून बाहेर जाणारा पहिला निरोप अगदी छोटा असेल : गावाचे नाव, किती जखमी, काय हवे. तो निरोप महागड्या कीवरून गेला की करवतीच्या पात्यावरून, हे पलीकडच्याला कळणार नाही. आवाज स्वच्छ आहे आणि पाठवणाऱ्याचा हात स्थिर आहे, एवढेच त्याला कळेल. तो हात आत्तापासून तयार करा.